तेलाच्या कागदातला बोल्ट

भाऊजी, तिसरा नट सुटला. परवा, गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमाराला. सुटला तशी मी गाडीखालूनच ओरडले, "भाऊजी, सुटला हो!" आणि मग सतरंजीवर तशीच आडवी पडून राहिले. बाहेर येऊन सांगणार कुणाला? बाहेर होते ते दुसऱ्या मजल्यावरचे नेने, आणि त्यांच्या हातात दुधाची पिशवी होती.

तुम्हाला जाऊन आज सोळावा दिवस. मीनल म्हणाली, "काकू, बाबांवर चार ओळी लिही ना, तुला ते जास्त माहीत आहेत." मी म्हटलं, अगं, सातवीनंतर शाळा सुटली माझी, मला लिहिता कुठं येतं. तर म्हणते, "बोलतेस तसंच लिही." आता बोलायचं म्हणजे समोर तुम्ही हवेत. म्हणून हे तुम्हालाच. तुमचा जन्म, शिक्षण, खडकीच्या कारखान्यात तपासणी खात्यात किती वर्षं, ते सगळं तुमच्या लेकीनं पेपरात दिलंय, फोटोसकट. फोटो काही बरा निवडला नाही. त्यात तुम्ही हसताय. तुमच्या तोंडावर एवढं हसू मी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

दीर आणि भावजय मिळून मोटार दुरुस्त करतात, हे आमच्या सोसायटीला कधी पचलं नाही. त्यांना वाटायचं, तुम्ही माझ्यासाठी करता. तसं नव्हतंच ते. हे गेले, त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी तुम्ही खडकीहून दोन बस बदलून कर्वेनगरला आलात. खांद्याला ती खाकी पिशवी. दारातच म्हणालात, "वहिनी, दादाच्या गाडीची बॅटरी उतरेल. जरा सुरू करून ठेवतो." मी किल्ली दिली. तुम्ही खाली गेलात. अर्ध्या तासानं मी चहा घेऊन आले तर तुम्ही बॉनेट उघडून नुसते उभे होतात, दोन्ही हात टेकून. मी कप ठेवला आणि वर निघून आले. तुम्हालाही बरं वाटलं असेल, मलाही.

मग सात वर्षं तुमचा रविवार चुकला नाही. दहाला यायचात, चारला निघायचात. आम्हाला मूलबाळ नाही, तुमची मीनल लग्न करून तिच्या घरी, तुमची मंडळी तर आधीच गेलेली. मागं राहिलेली आम्ही दोन माणसं आणि एक पंचवीस वर्षांची निळी गाडी, असा तो संसार होता म्हणायचा.

मी आधी चहा आणायची. मग बॅटरी धरायला लागले. "वहिनी, उजेड नटावर पाडा, माझ्या डोळ्यांवर नको." मग पाना द्यायला. "बारा-तेराचा द्या." मी भलताच द्यायची. तुम्ही काही न बोलता तो परत करायचात, हे फार वाईट होतं, त्यापेक्षा ओरडला असतात तर बरं. शेवटी मी माळ्यावरचं जुनं ताटाळं खाली आणलं आणि सगळे पाने त्यात मापानं उभे लावले, लहान वाटीपासून मोठ्या ताटापर्यंत लावतात तसे. तुम्ही त्यातला एक पाना काढून परत जागेवर लावलात आणि म्हणालात, "कारखान्यात एवढं नीट नव्हतं." भाऊजी, तुमच्या तोंडून आलेलं ते एकच प्रशस्तिपत्र. मी ते अजून जपून ठेवलंय.

आणि ते तेलाचं आठवतं? पहिल्याच वर्षी सायलेन्सरची पट्टी गंजली होती, तिचा नट हलेना. तुम्ही म्हणालात, याला रोज संध्याकाळी तेल सोडा, मी रविवारी बघतो. आणि निघून गेलात. कुठलं तेल ते सांगितलंत का? मी आपली देवापुढं दिवा लावला, की त्याच तेलाची वाटी घेऊन खाली जायची आणि चमच्यानं नटावर तिळाचं तेल सोडायची. सात दिवस. रविवारी तुम्ही वाकून वास घेतलात आणि म्हणालात, "वहिनी, हा नट प्रसन्न होईल. सुटणार नाही." नंतर गाडी सुरू केली तर सायलेन्सर तापून सगळ्या पार्किंगभर फोडणीचा वास. नेने गॅलरीतून म्हणाले, "काय, आज गाडीला काय घातलंय, मोहरी की जिरं?" मग पुढच्या रविवारी तुम्ही कारखान्यातली ती लांब चोचीची बुधली आणलीत, गंज सोडवायच्या तेलाची. दांडा दाबला की चोचीतून एकच थेंब. ती माझ्याकडेच राहिली. अजून आहे.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. तिथं यायला माझी जीभ अडखळते आहे, म्हणून आधी बुधलीचं वगैरे सांगितलं.

यंदा पावसाळा संपला आणि गाडी भडभडायला लागली. गल्लीच्या तोंडाशी असली तरी तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायची. नेने म्हणाले, "वहिनी, रणगाडा कुठल्या आघाडीवर निघाला?" गॅरेजवाल्याकडे नेली तर तो खाली बघेचना. म्हणाला, "मावशी, सगळा पाइप बदलावा लागेल. नाहीतर सरळ भंगारात द्या." तुम्ही मात्र खाली झोपून बघितलंत आणि म्हणालात, "पाइप ठीक आहे. इंजिनाला जिथं जोडलाय तिथलं पॅकिंग गेलंय. तीन नट काढायचे, पॅकिंग बदलायचं, तीन नट लावायचे."

"किती वेळ लागेल?"

"एक तास. किंवा एक महिना."

ते तीन बोल्ट इंजिनाच्या बाजूनं पक्के बसवलेले, बाहेर नुसतं शेपूट, आणि त्या शेपटावर नट. पंचवीस वर्षांची आग आणि पाणी खाऊन नट कुठं संपतो आणि बोल्ट कुठं सुरू होतो ते कळू नये अशी त्यांची गत. तुमची पद्धत ठरलेली. तारेच्या ब्रशानं घासायचं, एक थेंब तेल, हातोडीनं तीन हलके ठोके, आणि आठ दिवस थांबायचं. पुढच्या रविवारी परत तेच. आणि ज्या दिवशी खोलायचा त्या दिवशीही आधी सोडवायचा नाही. आधी घट्ट करायचा, केसभर. "उलटं का?" मी विचारलं, तर म्हणालात, "त्याला कळत नाही आपण त्याला काढतोय ते." तुम्ही विनोद केलात का खरंच सांगितलंत, ते तेव्हाही कळलं नाही.

माझं म्हणणं वेगळं. माझं माहेर लोणी काळभोरचं, आमच्या मळ्यात विहिरीवर इंजिन होतं. त्याचा नट अडला की आमचे अण्णा तेल-बिल बघत नसत. गोवरीचा विस्तव पळीत घेऊन त्या नटाला शेकायचे. "लोखंड हाय ते. त्याला ऊब पायजे," म्हणायचे. दहा मिनिटांत नट हातात. मी तुम्हाला दर रविवारी हे ऐकवायची आणि तुम्ही दर रविवारी म्हणायचात, "वहिनी, पेट्रोलची नळी हातभर अंतरावर आहे." हे आपलं भांडण तीन आठवडे चाललं होतं. चांगलं चाललं होतं. जेवताना सुद्धा. डाळिंबी उसळीचा घास घेताघेता तुम्ही म्हणायचात, "इंजिन विहिरीवर होतं, वहिनी. विझवायला विहीर होती."

तिसऱ्या रविवारी पहिला नट सुटला. तुमच्या पद्धतीनं. मला एवढा आनंद झाला की काय सांगू. मी म्हटलं, दुसराही आत्ताच काढू. तुम्ही म्हणालात, "हा अजून तयार नाही. तेल सोडा. पुढच्या रविवारी." आणि हात धुवायला वर गेलात.

मी पान्याच्या दांड्यावर नळाचा पाइप चढवला, नेन्यांच्या नळकामातून उरलेला, हातभर लांब. आणि ओढला. तुम्ही जिन्यात असतानाच तो कड्कन आवाज झाला. आधी मला वाटलं सुटला. पाना गरकन फिरला, आणि नट बोल्टाच्या तुकड्यासकट फरशीवर गडगडत गेला. आत राहिला नुसता खुंट, अर्ध्या पेराएवढा.

तुम्ही आलात. बघितलंत. "वहिनी, काय केलंत हे."

"तुटला. तुटला तर तुटला. गंजलेलाच होता."

"दम नाही तुम्हाला. आठ दिवस थांबला असतात तर..."

आणि मी बोलले. भाऊजी, ते वाक्य मी इथं लिहिणार नव्हते. पण न लिहिता बाकीचं लिहिणं म्हणजे नुसतं कौतुक होईल, आणि कौतुक तुम्हाला कधी आवडलं नाही. मी म्हणाले, "थांबा थांबा काय सांगता? तुमच्या थांबण्यापायीच माझा माणूस गेला."

 खाली वाकून तो तुकडा उचललात, उजेडाकडे धरून बघितलात आणि खिशात टाकलात. एकेक पाना पुसून ताटाळ्यात लावलात, मापानं, एकही चुकला नाही. पिशवी खांद्याला लावलीत. जाताना तुम्ही नेहमी "येतो" म्हणायचात. त्या दिवशी म्हणालात, "निघतो."

सात वर्षांपूर्वीचा तो दुपारचा प्रसंग आपण दोघांनी कधी काढला नव्हता. तोही रविवारच. जेवणं झाली आणि ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. मी म्हटलं, रिक्षा बोलवा. तुम्ही त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणालात, "थोडं थांबू, वहिनी. पित्त असेल. चार वाजता डॉक्टर येतात, तेव्हा नेऊ." हे पण म्हणाले, हो हो, थांबू. सव्वा तास थांबलो. साडेतीनला ते पाणी प्यायला उठले आणि ओट्यापाशी कोसळले.

तुम्हाला वाटत असेल की तेव्हापासून मी मनात तेच धरून बसले होते. धरलं होतंच. पण त्याच्याही खाली एक गोष्ट आहे, ती तुम्हाला माहीत नव्हती.

दवाखान्यात तुम्ही कागदांवर सह्या करायला खाली गेला होतात. डॉक्टरीण बाई बाहेर आल्या, माझ्या शेजारी बाकावर बसल्या. लहान वयाची मुलगी होती. म्हणाली, "आजी, उशीर झाला म्हणून मनाला लावून घेऊ नका. त्यांच्या शिरा कितीतरी वर्षांपासून बंद होत आलेल्या होत्या. त्या तासाभरानं फार फरक पडला असता असं मला वाटत नाही." एवढं बोलली आणि गेली. तुम्ही जिना चढून वर आलात तेव्हा मी एकटीच बाकावर. तुम्ही विचारलंत, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "काही नाही. सगळं संपलं म्हणाल्या."

मी तुम्हाला ते सांगितलं नाही, भाऊजी. त्या दिवशी नाही, तेराव्याला नाही, सात वर्षांतल्या एकाही रविवारी नाही. का नाही? मी स्वतःला किती वेळा विचारलं. माणूस असा उगाचच जातो हे मला सोसवत नव्हतं. कुणीतरी लागत होतं. आणि तुम्ही आपणहून समोर येऊन उभे होतात, दर रविवारी दोन बस बदलून. मला वाटतं, तुम्ही गाडीसाठी येत नव्हतात. तुम्ही त्या सव्वा तासासाठी येत होतात. आणि मी तुम्हाला येऊ दिलं. चहा केला, उसळ केली, आणि जे एक वाक्य सांगितलं असतं तर तुम्ही निवांत होऊन आला असतात, ते तेवढं पोटात ठेवलं.

त्यानंतरच्या रविवारी तुम्ही आला नाहीत. मी डाळिंबी उसळ केली होती. ती तीन दिवस खाल्ली. त्याच्या पुढच्या रविवारी पण केली. फोन हातात घेऊन बसले. तुमचं नाव काढलं, बघितलं, ठेवला. म्हटलं, फोनवर काय बोलायचं, समोर आले की सांगेन. बघा, सात वर्षं समोर होतात तेव्हा सांगितलं नाही ते. त्याच आठवड्यात शुक्रवारी सकाळी मीनलचा फोन. तुम्ही चहाचं आधण ठेवलं होतंत आणि खुर्चीत टेकला होतात. शेजाऱ्यांना पातेलं करपल्याचा वास आला.

मग सुतक. घरात पूजा नाही, देवापुढं दिवा नाही. संध्याकाळी सात वाजले की माझा हात सवयीनं वाती करायला जायचा आणि परत यायचा. हे गेले तेव्हाही घरात माणसं होती, ती वेळ एवढी मोकळी कधी नव्हती. पहिल्या संध्याकाळी मी नुसती स्वयंपाकघरात उभी राहिले. दुसऱ्या संध्याकाळी बुधली घेतली आणि खाली गेले. तिसऱ्या नटाला एक थेंब. तुटलेल्या खुंटाला एक थेंब. तीन हलके ठोके. वर आले. सुतकात देवाला तेल चालत नाही, गाडीला चालत नाही असं कुठं सांगितलंय? नेने जिन्यात भेटले. काहीतरी बोलणार होते, माझ्या हातातली बुधली बघितली आणि म्हणाले, "जिन्यातला दिवा गेलाय, सांभाळून चढा." त्यांच्याकडून एवढं ऐकून मला रडायला आलं.

रोज संध्याकाळी. तेराव्यापर्यंत. तुमच्यासाठी मी केलं ते एवढंच.

तेराव्याला खडकीला तुमच्या घरी पानं झाली, माणसं पांगली, तेव्हा मीनलनं तुमची खाकी पिशवी माझ्यापुढं ठेवली. "काकू, हे बाबांच्या बॅगेत होतं. आय थिंक, तुझ्यासाठीच आहे." आत नवं पॅकिंग होतं. एक नवा बोल्ट. आणि तीन नट, पिवळेधमक. मी विचारलं, हे सोन्याचे का? मीनल तेवढ्यातही हसली. "पितळी आहेत गं. बाबा म्हणायचे, सायलेन्सरला पितळी नट लावावेत, ते गंजून धरून बसत नाहीत. नंतर जो कोणी खोलेल त्याचे हाल होत नाहीत."

आणि सगळ्यात खाली तेलाच्या कागदाची एक पुडी, दोऱ्यानं बांधलेली. सोडली तर आत तो तुकडा. मी तोडलेला. नट अजून त्याला धरून होता.

भाऊजी, त्या दिवशी मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. आता बघितलं. तुटल्या जागी तोंडाचा मोठा भाग काळपट, जुन्या तव्याच्या बुडासारखा. आणि एका कडेला एवढीशी जागा पांढरी, कणीदार, खडीसाखरेचा खडा मोडल्यावर दिसते तशी. सोबत तुमची चिठ्ठी. त्या बारीक, सरळ अक्षरात, कारखान्यात लिहायचात तशी:

*तपासणी. तुटलेला बोल्ट.*
*काळा भाग तीन हिस्से, जुनी चीर. चकचकीत भाग एक हिस्सा, ताजा.*
*बोल्ट आधीच तुटत आलेला होता. ओढणारीचा दोष नाही.*
*रविवारी वहिनींना दाखवणे.*

मीनलला मी विचारलं, हा कागद तेलाचा कशाला? ती म्हणाली, "ताजा भाग गंजला असता ना दोन दिवसांत. मग तो पण काळा दिसला असता. काहीच कळलं नसतं." म्हणजे तुम्ही तो पुरावा जपलात. माझ्या बाजूचा. मी तुमच्या तोंडावर ते वाक्य मारलं, आणि तुम्ही घरी जाऊन भिंग काढून माझा दोष नाही हे सिद्ध करत बसलात. आणि माझ्याकडे तुमच्या बाजूचा पुरावा सात वर्षं पडून होता. मी त्याला साधा कागदही गुंडाळला नाही.

तुमच्यावर रागही येतो. दोन रविवार का थांबलात? एका रविवारी आला असतात तर मी दारातच सांगितलं असतं. की नसतंही सांगितलं, कोण जाणे. पण तुम्ही तुमच्याच पद्धतीनं चालला होतात. माझ्या त्या वाक्याला एक थेंब सोडून आठ दिवस थांबत होतात. हा अजून तयार नाही, पुढच्या रविवारी, असं.

गुरुवारी सकाळी मी गाडी जॅकनं उचलून लोखंडी घोड्यांच्या टेकूवर ठेवली, तुम्ही वेल्डिंग करून दिलेल्या. सतरंजी टाकली, खाली गेले. आपलं भांडण मिटवायचं होतं, म्हणून दोघांचंही ऐकलं. तेल तर बारा दिवस झालंच होतं. मग बाहेर येऊन इंजिन दहा मिनिटं सुरू ठेवलं, म्हणजे विस्तवाची गरज नाही, गाडी आपल्याच आगीनं नट शेकते. तो जोड अर्धा उघडा, त्यामुळं आवाज असा की चार इमारतींमधली माणसं गॅलरीत आली. मग बंद केली, आणि हात लावता येईल इतकं निवेपर्यंत थांबले. पंचवीस मिनिटं. भाऊजी, मी थांबले. घड्याळ लावून. मग पाना लावला, पाइप न चढवता, आणि आधी केसभर घट्ट केला. कट् असा बारीक आवाज आला. मग उलटा. फिरला. लोण्यातून सुरी जावी तसा नाही, तसं कुठं असतं, कुरकुरत, रुसत, दर चतकोर फेऱ्याला तेल मागत, पण फिरला. तेव्हाच ती हाक मारली मी तुम्हाला.

खाली आडवी असताना नेन्यांच्या चपला दिसल्या. म्हटलं, आता काहीतरी लागट बोलतील. थोड्या वेळानं वाकून म्हणाले, "चहा खाली आणू का वर येताय?" मी म्हटलं, खाली आणा. रविवारी खाली दोन कप दिसायचे, त्या सवयीनं त्यांनी दोनच आणले. तुमचा त्यांनी प्यायला.

तो खुंट काल निघाला. दातेरी पकडीनं धरला, दोनदा निसटला, बोट सोललं, तिसऱ्यांदा आधी घट्ट, मग सैल. आज सकाळी नवा बोल्ट घातला, नवं पॅकिंग, आणि तिन्ही पितळी नट. गाडी सुरू केली. काही आवाज नाही. मला वाटलं बंदच पडली. खिडकीतून हात बाहेर काढून पत्र्यावर ठेवला तेव्हा थरथर लागली.

एवढ्या दिवसांनी गाडी शांत झाली आणि मला ते मुळीच बरं वाटलं नाही. भडभडत होती तेव्हा निदान कुणी येऊन विचारायचं.

वर आले. तुमची पुडी टेबलावर उघडीच होती. तुमच्या चिठ्ठीची मागची बाजू कोरी आहे. मी तिच्यावर लिहिलं, माझं अक्षर तुमच्यासारखं नाही, जरा वाकडं जातं, तरी तुमच्याच नमुन्यात लिहिलं.

*तपासणी. तो रविवार, दुपार, सव्वा तास.*
*शिरा कितीतरी वर्षांपासून बंद होत आलेल्या होत्या. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं. मी लपवलं.*
*थांबणाऱ्याचा दोष नाही. कधीच नव्हता.*

शेवटची ओळ लिहायची का नाही म्हणून पेन तसंच धरून बसले. मग लिहिली. *रविवारी भाऊजींना दाखवणे.* चिठ्ठी परत तेलाच्या कागदात घातली, तुकड्यासकट, दोरा बांधला.

उद्या रविवार. डाळिंब्या भिजत घातल्यात.